कोरडी ताटं

चैताचं ऊन शिरपूरच्या गल्लीत असं उभं होतं की कुत्रंसुद्धा सावली पाहून पाय टाकत होतं. त्या उन्हातून तिघीजणी घरी निघाल्या होत्या. पुढं कस्तुराबाई, तिच्या मागं शिवणकाम करणारी शुभांगी, आणि सगळ्यांत मागं पोटावर हात ठेवून गंगू.

"सकाळपासून च्याबी घेतला नाई मी," गंगू म्हणाली. "म्हटलं परदेशी पंगत हाये, पोटात जागा ठेवा लागते. जागा तशीच राह्यली न माय!"

"पन गंगूकाकू, तुमीच तं म्हटलं, आत्ताच जेवून आली म्हून," शुभांगी म्हणाली.

"म्हनाच लागते व ते! गेल्या गेल्या ताटावर बसाव काय, दुष्काळातून आल्यावानी? तिनं एक डाव इचारलं, मी नको म्हटलं. दुसऱ्या डावाची वाट पायली, तं तिनं भाजीचा गंजच झाकून ठेवला! काहून बोलावलं मंग, वास घ्याले?"

शुभांगी तोंडाला पदर लावून हसली. कस्तुराबाई मात्र हसली नाही. पोटापेक्षा दुसरीकडेच तिला काहीतरी टोचत होतं.

तिघींना जेवायला बोलावणारी हेल्मी फिनलंडची. तीन महिन्यांपूर्वी, पौषातल्या थंडीत आली तेव्हा गल्लीला वाटलं पाहुणी, पण ती कामाला आली होती. वाशीमच्या एका संस्थेसाठी आसपासच्या आठ गावांतल्या विहिरींचं पाणी मोजायचं, वर्षभर. माणिकराव गुरुजींची मागची खोली तिनं भाड्यानं घेतली. स्कूटीवर डोक्यात कायम हेल्मेट, म्हणून गंगूनं तिचं नावच पाडलं 'हेल्मेटबाई'. पुण्यात चार महिने मराठी शिकून आलेली. बोलायची ती अगदी पुस्तकातलं, इस्त्री केल्यासारखं. बाकी मुलूख तिनं भराभर अंगवळणी पाडला. उन्हात दुपट्टा बांधायचा कसा, दुपारी बारा ते चार विहिरीकडं फिरकायचं नाही, वीज जायच्या आधी टाकी भरून घ्यायची, माठाला ओलं फडकं गुंडाळायचं. कस्तुराबाईच्या वाडीत पहिल्यांदा आली तेव्हा शेपूच्या वाफ्याशी वाकली, पानं चुरगळून नाकाशी धरली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. "काकू, हा माझ्या घराचा वास आहे," म्हणाली. त्या दिवसापासून कस्तुराबाई तिच्यासाठी एक जुडी बाजूला ठेवू लागली.

आणि आठच दिवसांपूर्वी त्याच वाफ्याशी ती म्हणाली होती, "तीन महिने झाले. पुढच्या सोमवारी मला वाशीमला संस्थेत सांगायचं आहे, राहणार की जाणार."

"काहून व? ऊन लागून राह्यलं काय?"

"उन्हाचं काही नाही. पण काकू, मी सगळ्यांच्या घरी जेवते. माझ्या घरी कोणी जेवत नाही. वर्षभर फक्त पाहुणी म्हणून कशी राहू? रविवारी तुम्ही तिघी या. तुम्ही जेवलात, तर मी राहीन."

आणि आज तिघी जाऊन आल्या होत्या, कोरड्या तोंडानं.

घरी पंजाबराव खाटेवर आडवे होते. बायको आल्या आल्या टोपल्यातली सकाळची भाकर आणि कांदा घेऊन बसली, तसे ते उठून बसले. "हे नवीनच पायलं बुवा! बाई पंगतीले जाते अन् घरी येऊन शिळं खाते."

"तिच्या हातालेच वाढाचं मन नाई, तं म्या काय करू?" कस्तुराबाई म्हणाली.

चारच्या सुमाराला हेल्मी आली. पंगतीसाठी नेलेली तीन ताटं तिनं परत आणली होती. धुतलेली, पुसलेली, खरकटी तर ती झालीच नव्हती.

"काकू, मी उद्या वाशीमला जाते. नाही म्हणून सांगते."

"अवं, पन काहून?"

"माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. मी रागावले नाही. समजलं, एवढंच."

"नाई व बाई, तसं नाई..."

हेल्मीनं मान हलवली, ताटं ओट्यावर ठेवली आणि दुपट्टा सारखा करत गेली. तिच्या पाठीकडं पाहताना कस्तुराबाईला वाटलं, हिला हाक मारावी. पण हाक मारून सांगायचं काय?

दर रविवारी पाचला सुचिताचा फोन येई. थोरली लेक, जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नर्स. दोन वर्षं झाली होती जाऊन. कस्तुराबाईनं तिला सगळं सांगितलं, गंगूच्या पोटासकट. सुचिता आधी खो खो हसली. मग म्हणाली,

"आई, तुले एक सांगितलंच नाई म्या. आली तवा सोबतच्या बाईनं मले घरी बोलावलं होतं. इतका मोठा केक केला तिनं. घेशीन काय म्हने. म्या म्हटलं, नको. तं तिनं कापलाच नाई! भूक अशी लागली होती मले. रूमवर येऊन रडली मी. वाटलं, हिले मी आलेली आवडली नाई."

"मंग व?"

"मंग समजलं. इकडे मानसाले एकदाच इचारतात. दुसऱ्यांदा इचारनं म्हंजे तुहा शब्द खोटा पाडनं. आता भूक असन तं सरळ हो म्हनतो मी. तुह्या हेल्मीले आपल्याइकडची रीत कोनी सांगितली असन?"

फोन ठेवून कस्तुराबाई ओट्यावर बसून राहिली. लेक परक्या मुलखात उपाशी झोपली, आणि इथं आपल्या हातून दुसऱ्या कोण्या आईची लेक तशीच कोरडी परत गेली. मनातल्या मनात जातं फिरावं तसं काही फिरलं, आणि ओठांवर आलं:

लेक गेली दूर देशी, कोन वाढीन तिचं ताट
एका 'नको'च्या मांगं बाई, भूक पाहे वाट

ती उठली. तीन ताटं काखेत मारली आणि निघाली.

गंगू तिच्या दारात तांदूळ निवडत होती. "कुठं चालली व ताटं घेऊन?"

"जेवायले."

"आता कोनं बोलावलं?"

"दुपारीच बोलावलं होतं. आपून आता पोचून राह्यलो. ऊठ. अन् शुभांगीले हाक मार."

हेल्मीची बॅग खाटेवर उघडी होती. पाणी मोजायची फीत गुंडाळून वर ठेवली होती. कस्तुराबाई उंबऱ्यात थांबली. उभ्या जन्मात तिनं कुणाच्या दारात तोंडानं अन्न मागितलं नव्हतं, माहेरीसुद्धा नाही. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणून टाकलं.

"हेल्मी, मले भूक लागली. वाढ."

"खरंच?"

"खरंच. दुपारीबी लागली होती." कस्तुराबाई आत येऊन सरळ जमिनीवर बसली. "आयक. आमच्याइकडे पयला नको उंबऱ्यावरचा असते. दुसरा ओसरीतला. तिसऱ्याले मानूस पाटावर बसते. तू उंबऱ्यावरूनच लावून देल्लं आमाले."

हेल्मी हळूहळू खाटेवर टेकली. "म्हणजे तीन महिने मी नको, नको म्हणत होते आणि तुम्ही भाकरी वाढतच होता, ते..."

"आमाले वाटे, पोट्टी लाजून राह्यली."

"काकू! माझं सहा किलो वजन वाढलं!"

दारातून गंगूचा आवाज आला, "बापा! अन् माह्यं आज दोन किलो घटलं. वाढ आता, माह्यावाला आज एकबी नको नाई!"

शेपू आणि लोणी घातलेले बटाटे गार झाले होते. ज्वारीच्या पिठाच्या जाड पोळ्या कडक झाल्या होत्या. गंगू म्हणाली, अळणी हाये, आणि शुभांगीला पिटाळून घरून ठेचा आणवला. ठेच्यासंगं मात्र गंज बुडापर्यंत गेला. कस्तुराबाईला आपल्याच वाडीतला शेपू ओळखू येत होता, पण आपल्या हातून तो असा कधी शिजला नव्हता. जरा परका, जरा गोड. ताटाला बोट लावून तिनं उरलेलं लोणी चाटलं.

हात धुवायला उठता उठता तिनं विचारलं, "मंग राहशीन काय व, वर्षभर?"

हेल्मी खरकटी ताटं गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "नको."

कस्तुराबाई उंबऱ्यातच थांबली. मग तिला पोरीच्या गालावरची खळी दिसली.

"राह्य न, बाई."

"नको, काकू."

गंगू हात पुसायचं विसरून पाहत राहिली. कस्तुराबाईनं पदर खोचला, उंबऱ्यातून परत फिरली, आणि हेल्मीच्या समोर ठाण मांडून बसली.

"राहशीन काय व?"

"बरं," हेल्मी म्हणाली. "तुम्ही इतका आग्रह करताच आहात तर."