टाकी रिकामी करताना

खालच्या जोडावर तिने साबणाचं पाणी ब्रशने ओढलं आणि वाट पाहिली. आधी काहीच झालं नाही. मग शेवटच्या बोल्टापाशी एक बुडबुडा फुगला, थरथरला आणि फुटला. त्याच्यामागून लगेच दुसरा आला.

"सापडला चोर," फिटरमामा म्हणाले.

"चोर कधीचाच सापडलाय, मामा. पकडायची परवानगी नव्हती."

वीजकेंद्राच्या आवारातल्या या ब्रेकरची टाकी दोन वर्षं गळत होती. आत एसएफ-सिक्स नावाचा वायू भरलेला. वीज तोडताना जो जाळ उठतो, तो हा वायू गिळून टाकतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे त्याची कुणाला भीतीही नाही. काटा खाली आला की सिलिंडर लावायचा, वर गेला की विसरायचं, अशी सगळ्यांची रीत. "ही टाकी म्हणजे माझी सासू," मामा म्हणायचे, "कितीही भरा, समाधान म्हणून नाही."

केंद्राची इंजिनियर म्हणून टाकीची जबाबदारी तिच्यावर होती, आणि तिला त्या विनोदावर हसू येणं कधीच बंद झालं होतं. धुराबद्दल सगळे बोलतात. या वायूचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही; आणि त्याचा एक किलो वर गेला, तर वीस-बावीस टन धुराहून जास्त उष्णता धरून ठेवतो. एकदा गेला की पिढ्यान्‌पिढ्या खाली येत नाही. दर बैठकीत ती हे सांगायची आणि दर बैठकीत तिला पुढची तारीख मिळायची. उन्हाळ्यात पंखे बंद करून चालणार नाही, पावसाळ्यात टाकीत दमट हवा शिरेल, हिवाळ्यात मुलांच्या परीक्षा. घोंगडं भिजतच पडलं होतं. साहेबांनी पाठीमागे तिचं नाव 'गॅसवाली बाई' ठेवलंय, हे तिला माहीत होतं.

शेवटी कंटाळून त्यांनी चार तास दिले होते. उन्हाळा तोंडावर असताना, अर्ध्या गावाची वीज बंद ठेवून. "चाराचे सव्वाचार झाले तर पुन्हा विचारायला येऊ नका," असंही वर सांगितलं होतं.

त्या अर्ध्या गावात तिचं घरही होतं. घरात सासरे होते, आणि त्यांच्या नाकातली नळी ज्या यंत्राला जोडलेली होती, ते यंत्र विजेवर चालत होतं. सासऱ्यांची सगळी नोकरी याच आवारात गेली होती. सकाळी ती निघताना ते म्हणाले होते, "माझ्यापायी घाई करू नकोस, सूनबाई. इन्व्हर्टर आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर येतोय. मी काय इतक्यात जात नाही." दुकानदाराने इन्व्हर्टरची बॅटरी चार तास चालेल, असं छातीठोक सांगितलं होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मामांनी गाडा टाकीला जोडला. चाकांवरचं हे यंत्र टाकीतला वायू ओढून सिलिंडरांत भरतं, म्हणजे तो हवेत जात नाही. टाकी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय जोड उघडता येत नाही. पण गाडा जुना होता. तो दम खात, खोकत ओढायचा. काटा इतका सावकाश उतरत होता, की बघत राहिलं तर हलतच नाही असं वाटावं.

तासाभराने नवऱ्याचा फोन आला.

"अगं, इन्व्हर्टर आताच टूं टूं करायला लागलाय."

"सिलिंडर?"

"त्याची गाडीच आली नाही अजून. तो म्हणतो, वीज गेल्यामुळे सगळ्यांनीच मागवलेत. बाबांचे ओठ जरा… कसेतरीच दिसतायत. तुमचं अजून किती वेळ चालेल?"

"दवाखान्यात ने."

"तीन जिने उतरवून? खाली नेईपर्यंतच काहीतरी व्हायचं. तू सांग ना, किती वेळ?"

तिने गाड्याकडे पाहिलं. काटा निम्म्यापर्यंतही आला नव्हता.

"करते काहीतरी," ती म्हणाली.

मामांनी फोन ऐकला होता. ते हातातला पाना कापडाने पुसत राहिले.

"मामा, आहे तसं बंद करून वीज सोडता येईल?"

"अर्ध्या टाकीवर? भडका उडेल. परत भरायचा म्हटलं, तर दाब उतरताना जोडातलं जुनं सील सरकलंय, आता ते गॅस धरणार नाही."

"आणि गाडा काढला तर?"

"गाडा काढून झडप उघडली, तर…" मामांनी आकाशाकडे हात केला. "दहा मिनिटांत मोकळी. मग सील बदला, नवा गॅस भरा, तासाभरात लाईन चालू."

टाकीत किती वायू उरला होता, ते तिला ठाऊक होतं. दहा वर्षं गळत राहिली असती, तरी एवढा गेला नसता. शंभर मोटारींनी वर्षभर धूर ओकला, तरी एवढं नुकसान झालं नसतं. हा हिशेब तिनेच बैठकीत फळ्यावर लिहून दाखवला होता. आता तो आठवायला नको म्हणून तिने डोळे मिटले, तर सासऱ्यांचे ओठ समोर आले.

"सोडा," ती म्हणाली.

"ताई?"

"सोडा म्हणते ना, मामा. माणसांना त्या केबलच्या चरापासून लांब व्हायला सांगा. जड गॅस आहे, खाली साचला तर श्वास कोंडेल."

झडप उघडताच शिट्टीसारखा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. दिसत काहीच नव्हतं. मामा दुसरीकडे बघत उभे होते. ती मात्र आवाज थांबेपर्यंत झडपेकडे बघत राहिली. निदान एवढं तरी आपण करावं, असं तिला वाटलं.

ती घरी पोचली तेव्हा यंत्र घुरघुरत होतं आणि सासरे उशीला टेकून बसले होते. ओठांवर रंग परत आला होता. तिला इतका आनंद झाला, की दारातच रडू फुटलं. त्या आनंदाची लाजही तिला तिथेच वाटली.

"झालं काम?" त्यांनी विचारलं.

"झालं. सील नवं बसवलं. आता थेंबभर गळणार नाही."

"गाडा चालला नीट?"

"चालला."

सासऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तो गाडा त्यांनी आयुष्यभर ढकलला होता. त्यांनी फक्त मान हलवली आणि पांघरूण नीट करू लागले.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"अहो बाई, कमाल केलीत! चार तास, चार तास म्हणून माझं डोकं खाल्लंत आणि अडीचच्या आत मोकळ्या झालात! वर कळवलंय मी. आता बाकीच्या गळक्या टाक्यांनाही मंजुरी मिळाली समजा. अडीच-अडीच तासांची. जशी ही केलीत, अगदी तशीच करायची, काय?"

"साहेब, ती… गाडा जुना आहे आपला…"

"अहो, त्याच गाड्यावर केलंत ना आज? मग झालं तर!"

तिने तोंड उघडलं. समोर सासरे होते, नाकात नळी, छाती संथपणे वरखाली होणारी.

"हो, साहेब," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. पंखा पुरत नव्हता. सासऱ्यांनी घसा साफ केला.

"काय म्हणाले?"

"शाबासकी दिली."

"हं." ते थोडा वेळ श्वास घेत राहिले. "बाकीच्या म्हणजे किती गं?"

"अकरा," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला उठली.