फासा टर्नरचा, शब्द एजंटचे

रविवारी दुपारी चष्म्याचं दुकान बंद झालं की मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली, चौघं खेळायला बसत. दुकानाची मालकीण, एक विमा एजंट, लेथवर काम करणारा टर्नर आणि त्याची वहिनी. खेळाला पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. वहिनी गोष्ट सांगायची, बाकीचे तिघं गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचे, आणि काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा; आकडा जितका मोठा, तितकं काम चांगलं जमलं.

टर्नरच्या हातून केसाएवढाही फरक न पडता माल निघायचा, पण जीभ लहानपणापासून अडखळायची. म्हणूनच की काय, खेळात त्यानं दूत घेतला होता, भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळणारा. पात्राचे गुण लिहिलेल्या कागदावर 'मन वळवणे' या रकान्यात त्याचा आकडा सगळ्यांत मोठा होता. गोष्टीतल्या परक्या माणसांपुढे त्यानं फासा टाकला की काम फत्ते! पंचाईत व्हायची ती आपसांत. सोबत्याला फासा टाकून पटवायचं नाही, ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं बोलायचं, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. एजंटचा शिपाई कागदावर अगदी मठ्ठ, पण एजंटच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दूताची बोलती बंद.

एका रविवारी तिघांनी गोष्टीतल्या डोंगरात शत्रूचा एक टेहळ्या पकडला. थंडीनं कुडकुडणारा, अंगात रफू केलेला जुना कोट. शिपाई म्हणाला, याला जिवंत सोडायचं नाही. दूताला ते पटेना.

"त्याला स... स..." टर्नर म्हणाला.

"सोडून द्यायचं? अरे, उद्या हाच फौज घेऊन येईल!" एजंटनं त्याचं वाक्य पुरं केलं आणि खोडूनही टाकलं.

टर्नरनं आणखी दोनदा तोंड उघडलं. मग नाद सोडून म्हणाला, "ज... जाऊ दे."

वहिनीनं पेन्सिल खाली ठेवली. "तुमचा शिपाई मघाशी शिळा ढकलत होता, तेव्हा तुम्ही फासा टाकलात. हे कपाट उचलून दाखवा, असं म्हणाले का मी?"

एजंट हसला. "माझी कंबर बघा आधी."

"मग भाऊजींच्या दूतानं भाऊजींच्याच जिभेनं का बोलायचं?"

एजंट जरा वरमला, पण मुद्दा सोडेना. "ते ठीक आहे. पण फासा पडला म्हणून माझा शिपाई काय विचार करतो ते दुसऱ्यानं ठरवायचं? मग मी इथे काय शोभेला बसलोय?"

"तेही खरंच," वहिनी म्हणाली. थोडा विचार करून तिनं सांगितलं, "भाऊजी, सांगायचं ते थोडक्यात सांगा आणि फासा टाका. दूत किती छान बोलला ते आकडा सांगेल. ऐकायचं की नाही ते ज्याचा शिपाई त्यानं ठरवायचं. फक्त शिपायाला ते कसं वाटलं, ते प्रामाणिकपणे सांगायचं."

टर्नरनं फासा हातात घोळवला. या वेळी मधे कुणीच बोललं नाही.

"र... रफूचे टाके बघ," तो म्हणाला. "ब... बारीक आहेत. घाईत घातलेले नाहीत."

फासा थांबला. अठरा.

एजंट बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "शिपाई सुरी काढतो. दूत त्याला टाके दाखवतो. म्हणतो, कुणीतरी उजेडात बसून, जीव लावून हे केलंय, आणि ते माणूस अजून वाट बघत असेल. शिपाई स्वतःच्या बाहीकडे बघतो. ती तीन वर्षं फाटलेली आहे. शिवायला कुणी नाही." तो थांबला. "सुरीनं तो टेहळ्याच्या हातांचा दोर कापतो."

मालकिणीनं डोळ्यांना पदर लावला आणि ती म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं माझा."

टर्नर ऐकत होता. त्याच्या मनातलं, जसंच्या तसं, त्यानं कधीच कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

निघताना एजंट त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटला, "धंद्याची सवय रे. समोरचा थांबला की आपण बोलायचं. चुकलंच माझं."

"त... तू छान बोललास," टर्नर म्हणाला. ते अगदी मनापासून होतं.

घरी जाताना तो वहिनीला थँक्यू म्हणणार होता. पण बारा वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला थँक्यू म्हणायचं म्हणजे कसंतरीच वाटलं. चौक ओलांडल्यावर तो म्हणाला, "वहिनी, आज फार ब... ब..." वहिनी पिशवी सावरत उभी राहिली. शब्द तिला ठाऊक होता, तरी तिनं तो सुचवला नाही. "बरं वाटलं."

"मलाही," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी शिपायाला दूताचं घोडं हवं होतं. "आज मी पटवणार," असं म्हणत एजंटनं ऐटीत फासा टाकला. तीन!

"सांग आता, कसा बोलला माझा शिपाई?"

टर्नर सांगू लागला. शिपायानं आधी छाती पुढे काढली, मग दूताला सोडून घोड्यालाच नमस्कार केला, मग मुद्दा विसरून हवापाण्याबद्दल विचारलं. सांगायला चांगली पाच मिनिटं लागली. शब्द अडत होते, सुटत होते, आणि तिघंही हातातला चहा गार होऊ देत ऐकत होते. एजंट हसून हसून टेबलावर आडवा झाला होता.

"मग घोडं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"घ... घेऊन जा," टर्नर म्हणाला.