गुंडीने सोडलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला माझी दया यायला नको.

एका सुताराने मला चांगल्या सागवानातून घडवलं. पाय उंच दिले, हात रुंद दिले, आणि त्याच्या बायकोने बसायचा वेत असा ताणून विणला की बोट मारलं तर टणटण वाजावा. मग मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आले. त्यांच्याकडे कपडे घ्यायला आलेली माणसं माझ्यावर बसायची आणि म्हणायची, "काय ऐसपैस खुर्ची आहे हो!" मी फुगून जायची. पुढे वेत तुटला. बाईंनी वर एक उशी टाकली आणि गिऱ्हाइकांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. त्या हलक्या, गुळगुळीत खुर्च्या अजूनही माझ्या डोळ्यांत खुपतात.

माझ्याकडे उरली ती एकटी गुंडी. गुंडी म्हणजे बाईंची करडी मांजर. खालून एक झेप घ्यायची, उशी पायांनी तुडवायची आणि दिवसभर माझ्यात मुटकुळं करून पडायची. कोणी मला ओढलं तर डोळे वटारायची. मला वाटायचं, माणसं गेली तर जाऊ देत, ही माझी आहे.

मग बाईंची लेक तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली. बाळासाठी नवा पाळणा आला, तो ज्या खोक्यातून आला ते खोकं कोपऱ्यात पडून राहिलं. एक बाजू फाटलेलं, रद्दीत जायच्या लायकीचं! आणि माझी गुंडी त्यात जाऊन बसली. एक दिवस नव्हे, रोजच. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. कुठे मी सागवानी, आणि कुठे तो पुठ्ठा!

त्याहून वाईट म्हणजे ती मला चिडवायची. समोर यायची, वर बघायची, पुढचे पाय उशीच्या काठावर ठेवायची. मी आशेने श्वास रोखायची, आणि ही पाय काढून घेऊन उगाच पंजा चाटत बसायची. जणू तिला यायचंच नव्हतं.

घरातही तिचं काही धड चाललं नव्हतं. पाठीवरचे केस गुंतले, पण ती चाटायची नाही. लेक उचलायला गेली तर फिसकारायची. वाळूचं घमेलं सोडून तिने एकदा चक्क एका गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर घाण केली.

"आई, ही बाळावर जळते," लेक म्हणाली. "उद्या बाळाला ओरबाडलं तर? देऊन टाक कोणाला तरी."

बाईंचा जीव तुटला, पण नातीपुढे मांजराचं काय चालणार? बटणं विकणाऱ्या मावशी गुंडीला न्यायला तयार झाल्या. मी मनात म्हटलं, जा! नाहीतरी खोक्यातच बसतेस ना? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मी जळत होते, म्हणून मलाही तिच्यात मत्सरच दिसत होता.

मावशी पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा बाई एका झग्याची किनार दुमडत होत्या, तोंडात टाचण्या धरून. गुंडी माझ्यापाशी आली. पुढचे पाय काठावर ठेवले, सगळा भार डाव्या मागच्या पायावर घेतला, उजवा नुसता जमिनीला टेकवला. थांबली. मग खाली उतरून पंजा चाटू लागली.

बाई "ऊं! ऊं!" करत हातवारे करू लागल्या.

"अगं, टाचण्या काढ आधी!" लेक ओरडली.

बाईंनी टाचण्या हातात घेतल्या. "पोस्टातल्या वहिनी आठवतात का गं? किनार मोजायला स्टुलावर चढा म्हटलं की एका पायावर भार घेऊन उभ्या राहतात, हसतात, आणि म्हणतात, राहू दे, खालूनच घ्या माप. गुडघा दुखतो म्हणून सांगत नाहीत. ही तेच करतेय!"

गळ्यातली टेप काढून त्यांनी गुंडीच्या मागच्या मांड्यांना अलगद गुंडाळली.

"मांजराचं माप घेतेस?" मावशी हसल्या. "काय शिवणार आहेस, परकर?"

"उजवी मांडी बारीक झालीय," बाई म्हणाल्या. "बाळावर जळत नाही गं ही. हिला चढवत नाहीये."

पिशवीत गुंडी गेली, पण जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. खुब्याचा सांधा झिजला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजर दुखणं लपवतं. उडी मारेना, अंग चाटेना, उचललं की चिडतं, वाळूत जाईना, तर स्वभावाला नावं ठेवण्याआधी अंग तपासावं. औषध सुरू झालं. उंच काठाचं घमेलं गेलं, उथळ ट्रे आला.

राहिले मी, अजून उंचच. बाईंनी माझ्याशेजारी पायरीसारखा पाट ठेवून पाहिला, पण तो डगमगायचा आणि गुंडी घाबरायची. शेवटी बाईंनी सुताराला बोलावलं आणि माझे चारही पाय अर्ध्यातून कापायला लावले.

करवत लागली तेव्हा मी मनातल्या मनात खूप रडले. त्या उंचीचा मला केवढा तोरा होता! आता माझ्यावर कोणी माणूस बसू शकत नाही. गुडघे हनुवटीला लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडी आली. तिने एक पाय वर ठेवला, मग दुसरा, मग हळूच सगळी वर आली. उशी तुडवली. तिचं वजन खूप कमी झालं होतं. मला इतके दिवस ते कळलंच नव्हतं.

अजूनही ती कधीकधी त्या खोक्यात जाते आणि मी अजूनही जळते. स्वभावाला औषध नाही.

पण मित्रांनो, तुमच्या मांजराने रोजची जागा सोडली, तर 'रुसलंय' म्हणून मोकळे होऊ नका. हळूच हात फिरवून बघा, कुठे दुखतंय का. डॉक्टरकडे न्या. आणि त्याची जुनी जागा दुसऱ्या कोणाला देऊ नका. ती जागा वाट बघत असते. मी सांगते ना.