घडीतच राहिलेली साक्ष

मी एक जुनी घोंगडी आहे. कोर्टाच्या कागदात माझे नाव 'वस्तू क्रमांक चार' असे आहे, पण मित्रांनो, तुम्ही मला घोंगडीच म्हणा. नऊ वर्षांत तसे कुणी म्हटलेले नाही.

माझा जन्म ढोकीजवळच्या एका धनगरवस्तीवर झाला. सिदूच्या काळ्या मेंढ्यांची लोकर, त्याच्या बायकोने, सिताबाईने, काढलेले सूत आणि घोंगड्या विणणाऱ्या सणगराचा माग. चिंचोक्याची खळ लागल्यावर मी अशी ताठ झाले की सिदूच्या खांद्यावर बसेना. "घोंगडी हाय का पत्रा?" म्हणून सिताबाई त्याला चिडवायची. माझ्या दोन्ही बाजू दिसायला सारख्या. म्हणून तिने एका कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा टाका घातला आणि नवऱ्याला बजावले, "अवं, लाल टाका वर दिसला पायजे. दुसरी बाजू अंगाला." सिदूने ती शिस्त कधी मोडली नाही.

आठ वर्षे मी पाऊस झेलला, थंडीत कोकरे उबवली. "लाखाची घोंगडी," असे सिदू चारचौघांत म्हणायचा. मी फुगून जायचे, खोटे कशाला बोलू?

मग तो हरभरा आडवा आला. हिंमतराव हे मोठे बागायतदार. खतासाठी त्यांच्या रानात आमच्या मेंढ्या बसवल्या होत्या. एका संध्याकाळी त्या हरभऱ्यात शिरल्या. हिंमतराव तापले, सिदूही उलटून बोलला, आणि साऱ्या शिवाराने ते भांडण ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतराव बांधाला पडलेले दिसले. डोके फुटलेले, जीव गेलेला. पहिल्यांदा पाहिले ते सिदूनेच. त्याने गुपचूप निघून जायला हवे होते, असे पुढे पुष्कळ शहाणे म्हणाले. पण मढे उघडे टाकू नये, हे त्याला आईने शिकवले होते. त्याने मला खांद्यावरून उतरवले, त्यांच्यावर पांघरले आणि त्यांच्या घरी सांगायला धावला. रक्त लागले ते माझ्या आतल्या बाजूला, मधोमध. लाल टाक्याची बाजू वर होती, कोरडी.

पंचनाम्यात लिहिले गेले, 'घोंगडीवर रक्ताचे डाग.' कोणत्या बाजूला, ते लिहिले नाही. हत्यार सापडले नाही. मारताना कुणी पाहिले नाही. भांडण आणि मी, एवढ्यावर खुनाचा खटला उभा राहिला. घोंगडी पांघरून सिदूने घाव घातला आणि तिच्यावर रक्त उडाले, असे सरकारी वकील म्हणाले. अहो, मग ते लाल टाक्याच्या बाजूला नको का? पण मला तोंड कुठे होते! घडी न मोडताच मला वर धरले आणि सिदूला विचारले, "ही तुझीच का?"

"व्हय सायेब, माझीच हाय."

त्याला तेवढेच विचारले होते. त्याला जन्मठेप झाली.

मला मुद्देमालाच्या खोलीत नेले तेव्हा सिताबाई मागोमाग आली. तिच्या ओटीत कडुलिंबाचा पाला होता.

"सायेब, घडीत एवढा पाला घाला. कसर लागंल तिला. लोकर खाती ती."

"मावशी, सील फोडता येत न्हाय वो," तिथले कारकून म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. पाला त्यांनी खिडकीत ठेवला. तिथेच तो वाळला.

रखडलेल्या कामाला लोक घोंगडे भिजत पडले म्हणतात. मी कोरडीच पडले होते. ऊन नाही, झटकणे नाही. तिसऱ्या वर्षी कसर लागली. तिला डागाळलेली लोकर आधी आवडते. ती मला खात होती आणि मी काहीही करू शकत नव्हते.

नऊ वर्षांनी वरच्या कोर्टात अपील सुनावणीला आले. सिदूला सरकारकडून मंजुषा नावाच्या वकीलबाई मिळाल्या होत्या. सगळे कागद वाचून त्यांनी नेमके विचारले, "डाग कोणत्या बाजूला आहेत? एवढ्याशा पुराव्यावर माणूस जन्मभर आत ठेवायचा का?" कोर्टाने मला उघडून बघायचा दिवस ठरवला आणि अहवाल मागवला.

त्या दिवशी दोन्हीकडचे वकील आले, सिताबाई आली. सील फुटले. मला वाटले, आली माझी बोलायची वेळ! सिताबाईने मला उलगडले आणि भुसा खाली सांडला. मधोमध हातभर भोक. तपासणीला कापून नेलेला तुकडा तर केव्हाच संपला होता. टाका मात्र शाबूत होता, कारण कसर सुती दोऱ्याला लागत नाही.

"ह्यो बघा लाल टाका, ही वरची बाजू," ती पुन्हा पुन्हा दाखवत होती. "आन् रगत हितं आत व्हतं..."

तिचा हात भोकातून आरपार गेला.

'वस्तू जीर्ण. डाग कोणत्या बाजूस होते, ते सांगता येत नाही,' असे कारकुनांनी लिहिले. मंजुषाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "मी भांडेन, सिताबाई." निकाल अजून लागलेला नाही. अपील संपले की मला नष्ट करायचे, हेही कागदावर आहे. त्याचे मला काही वाटत नाही. सिदूसाठी एकच गोष्ट माझ्यापाशी होती, ती मला सांभाळता आली नाही, याचे वाटते.

मित्रांनो, घरात घोंगडी असेल तर तिला ऊन दाखवा, झटका, घडी मोडून बघा. आणि कुणाच्या जिवाची गोष्ट तुमच्या ताब्यात आली, तर तीही वेळेवर उलगडून बघा.

निघताना सिताबाईने ओटीतून कडुलिंबाचा ताजा पाला काढला. या वेळी कारकुनांनी अडवले नाही. त्यांनी स्वतःच माझी घडी उघडून धरली.