पोस्टमास्तरांचे सात तुकडे

दवाखान्याच्या मदतीसाठी दर वर्षी भरणाऱ्या गोड पदार्थांच्या मेळ्याला वीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम निवृत्त पोस्टमास्तरांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. कच्चा मजकूर तपासायला सिस्टरकडे आला. पहिलंच वाक्य होतं, 'या उपक्रमाची कल्पना सर्वप्रथम मला सुचली.'

सिस्टरला चहाचा ठसका लागला.

खरं काय घडलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा ती दवाखान्यात नवीन होती आणि तिथे बाळांचा वजनकाटा नव्हता. बाळ दुपट्यात गुंडाळून समोरच्या भाजीवाल्याकडे न्यायचं. तो पारड्यातले बटाटे उतरवून बाळाला ठेवायचा आणि ओरडायचा, "पावणेतीन किलो, वर दोन कांदे!" आया हसायच्या, सिस्टरला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्गणीसाठी ती दारोदार फिरली. लोकांनी पाणी विचारलं, ख्यालीखुशाली विचारली, खिशात हात काही घातला नाही.

अशातच पोस्टमास्तर निवृत्त झाले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, तीन थरांचा केक केला. नेमकं त्याच सकाळी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून फर्मान काढलं, "गोड बंद. आजपासून." वहिनींनी केक उचलून थेट दवाखान्यात आणला. "घरात ठेवला तर हे चमच्यानं कोरून संपवतील. वाटून टाक गं."

"वाटायचा कशाला? विकू या की," सिस्टर म्हणाली.

दवाखान्याच्या समितीवर असलेले पोस्टमास्तर तणतणत आले. "दवाखाना आहे की हॉटेल? मी हे चालू देणार नाही! डॉक्टरांनाच सांगतो!" असं म्हणून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

इकडे व्हरांड्यात वहिनी सुरी घेऊन बसल्या. विक्री झकास चालली. पण एक गोष्ट सिस्टरच्या नजरेत आली. पाय प्लास्टरमध्ये असलेला शिंपी लंगडत लंगडत पुन्हा पुन्हा येत होता आणि तुकडा घेऊन ड्रेसिंगच्या खोलीकडे जात होता. "हाड जुळताना भूक फार लागते हो," असं वहिनींना सांगत होता. वहिनी दर वेळी भाव वाढवत होत्या आणि तो निमूट देत होता. शेवटी सिस्टर कापूस आणायच्या निमित्तानं ड्रेसिंगच्या खोलीत गेली. पडद्याखाली पॉलिश केलेले बूट दिसले. पडदा सारला तर पोस्टमास्तर! मिशांना क्रीम, हातात अर्धा तुकडा.

"सातवाच आहे," ते काकुळतीला आले. "हिला सांगू नका, सिस्टर."

"मी कशाला सांगू? फक्त ही विक्री दर वर्षी चालू राहायला हवी."

त्यांनी घास गिळून मान डोलावली. समितीत ठराव त्यांनीच मांडला. पंधरवड्यात काटा आला. पुढच्या वर्षांत गल्लीगल्लीतून पुडिंग, बिस्किटं, फळांचे टार्ट येऊ लागले आणि दवाखान्याला खाटा आल्या, ऑक्सिजनची नळकांडी आली, दात काढायची खुर्चीही आली. पोस्टमास्तर कधी कुरकुरले, की सिस्टर नुसतं विचारायची, "कापूस आणू का?"

मेळ्याच्या दिवशी इतिहास वाचायला सिस्टर उभी राहिली. "या उपक्रमाची कल्पना सर्वप्रथम पोस्टमास्तरांना सुचली," 'मला' तेवढं बदलून तिनं जसंच्या तसं वाचलं. टाळ्या पडल्या. पोस्टमास्तर छाती फुगवून बसले. मग कागदावर नसलेलं वाक्य तिनं गंभीर चेहऱ्यानं जोडलं, "इतकंच नव्हे, तर पहिल्या केकचे सात तुकडे त्यांनी एकट्यानं विकत घेतले."

पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या, "सात? मी आठ मोजले होते."

"म्हणजे तुला..."

"शिंपी काय माझं तोंड बघायला येत होता? भाव उगाच वाढवला का मी?"

मागून शिंपी उठला. "आठवा माझा. एवढं लंगडलो, त्याचं काहीतरी नको?"

हास्याचा नुसता स्फोट झाला. पोस्टमास्तरही रुमालानं डोळे पुसत हसू लागले. तोंड उतरलं ते सिस्टरचंच. वीस वर्षं ज्या धाकावर तिनं मेळा चालवला, तो धाक पहिल्या दिवसापासून पोकळ होता.

वहिनींनी तिला जवळ बसवलं, तिच्या हातात कस्टर्डची वाटी दिली आणि हळूच म्हणाल्या, "मी बोलले असते तर पुढच्याच वर्षी बंद पाडला असता त्यांनी. म्हटलं, घाबरू देत."