रंगाचा दुसरा हात

आमचे हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाले, पण शब्दाचा कीस पाडायची खोड काही निवृत्त झाली नाही. म्हणूनच खोली रंगवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं तेव्हा काम कुठे अडणार हे मी ओळखलं. रंगारी बोलावू म्हटलं, तर म्हणे त्यात काय एवढं मोठं.

खोली आईसाठी होती. याआधी दोनदा ती आमच्याकडे कायमची म्हणून आली आणि आठवडाभरात परत गेली. भांडण नाही, तंटा नाही, उलट सगळ्याचं कौतुक. चहा छान, पडदे छान, जावई तर लाखात एक. बॅग मात्र भिंतीशी उभी. वरचे कपडे काढायचे, धुवायचे, घडी करून पुन्हा बॅगेतच ठेवायचे. मग एका सकाळी म्हणायची, निघते गं मी. तिच्या घराला उभा जिना, गुडघे तर कामातूनच गेलेले. पडली तर हाक ऐकायला कुणी नाही, या विचाराने माझा जीव टांगणीला लागायचा. या वेळी खोलीच अशी करायची की तिचा पाय निघू नये, असं मी ठरवलं होतं. रंग कुठला देऊ विचारलं, तर फोनवर म्हणाली, तुला आवडेल तो. फोन ठेवला आणि मला रडूच आलं.

डब्यावर लिहिलं होतं, दोन कोट द्यावेत. पहिला आई यायच्या आदल्या संध्याकाळी झाला. कुठे नवा हिरवा, कुठे मागून जुना पिवळा डोकावतोय, सगळी भिंत डागाळल्यासारखी. मी कोट शिवते. कच्चे टाके घातलेला कोट ज्याचा त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दाखवू नये, हे मला कळतं. सकाळी आईला आणायला स्टेशनवर निघताना ह्यांना बजावलं, मी येईपर्यंत दुसरा कोट झाला पाहिजे. हो हो म्हणाले.

आईला घेऊन आले, तर हे स्टुलावर बसलेले, मांडीवर जाडजूड शब्दकोश, ब्रश डब्यावर आडवा पडून वाळलेला आणि भिंत होती तशीच. वर उत्साह बघा. म्हणे कोट हा शब्द इंग्रजीत फ्रेंचांकडून आला, आणि त्याच्याही आधी तो बहुधा जाड्याभरड्या लोकरीच्या कापडाचा होता. कापडावरून अंगरखा झाला, मग कुत्र्या-घोड्यांच्या अंगावरचे केस, आणि पुढे जे जे वरून झाकतं ते सगळंच कोट, भिंतीवरचा रंगसुद्धा. आपण मात्र रंगाचा हात म्हणतो. भिंतीने काय घातलं ते इंग्रजी बघतं, कुणी घातलं ते आपण बघतो, असं म्हणून हे माझ्याकडे शाबासकीसाठी बघायला लागले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई समोर होती म्हणून हे वाचले.

आई दारात उभी राहून भिंत बघत होती. आता छान आहे म्हणणार, आणि मग आठवडा मोजायचा, एवढंच माझ्या मनात. ती म्हणाली, "हे काय फासून ठेवलंय?"

मी शरमेने अर्धी झाले. आजच्या दिवस आमच्या खोलीत झोप, तू यायच्या आत हे व्हायला हवं होतं, चुकलंच आमचं, असं काहीबाही बोलत सुटले. तिने मला थांबवलं.

"पाहुणीला अशी खोली कुणी दाखवत नाही गं," ती म्हणाली. "घरातल्या माणसालाच दाखवतात." मग ह्यांच्याकडे वळली. "जावईबापू, तो ग्रंथ मिटा. दुसरा हात मी देते. थांबा, जुने कपडे घालून येते."

जुने कपडे बॅगेच्या तळाशी होते. ते निघेपर्यंत वरचं सगळं बाहेर आलं, स्वेटर, औषधं, बाबांचा फोटो, सगळं पलंगावर. मी एकेक उचललं आणि कपाटात लावत गेले.

आई स्टुलावर बसून हात पोचेल तिथपर्यंत रंग देत होती, वरचं हे करत होते. तिचं तोंड एकसारखं चालू होतं. रंग औषधाच्या गोळीसारखा आहे, या दुसऱ्या ब्रशचेही केस गळतात, खिडकीची कडी ढिली आहे, आणि चहात साखर घालायची राहिली का तुझी? इतक्या आनंदाने मी जन्मात कधी बोलणी खाल्ली नव्हती.

वाळल्यावर तिचा रंग आणि ह्यांचा रंग जिथे भेटतो तिथे भिंतभर वाकडी रेघ दिसायला लागली. ह्यांना तिसरा हात द्यायचा होता. आईने ब्रश धुऊन ठेवलासुद्धा. रिकामी बॅग मी माळ्यावर टाकली. ती कुठे गेली हे आईने अजून विचारलेलं नाही.