शेवटचे दोन यार्ड

ओरिन हासने डेल्व्हनची जर्सी मागून धरली आणि त्याला ओढून आपल्या पोरांकडे वळवलं. डेल्व्हन समोरच्या संघाच्या घोळक्याकडे निघाला होता. अगदी शांतपणे, घरी निघाल्यासारखा.

“इकडे, बाबा. आपण निळे.”

“माहितीये मला,” डेल्व्हन म्हणाला, पण त्याने एकदा स्वतःच्या छातीकडे पाहून घेतलं.

क्षणभरापूर्वी दोन धिप्पाड गड्यांनी त्याला आडवा केला होता. त्याचं डोकं गोठलेल्या जमिनीवर आपटलं, तो आवाज ओरिनने ऐकला होता. हेल्मेट असलं तरी तो आवाज लपत नाही.

कॅल्डर कॉलेजचा तो अमेरिकन फुटबॉलच्या मोसमातला दहावा सामना. आधीचे नऊ हरून झाले होते. सप्टेंबरात अठ्ठेचाळीस जण होते. कुणाचे गुडघे गेले, कुणाचं मन उडालं, आणि नोव्हेंबरात एकतीस उरले. त्यात कॉलेजने कळवलं होतं की हे वर्ष संपलं की संघ बंद. त्यामुळे या सामन्याला कुणी दहावा म्हणत नव्हतं, शेवटचाच म्हणत होते. नेब्रास्काच्या त्या टोकाला जी माणसं वर्षभर फिरकली नव्हती, तीही आज ब्लँकेटं गुंडाळून बाकांवर बसली होती. त्यांच्यातच, वरच्या रांगेत, एका मोठ्या कॉलेजचा माणूस वही घेऊन आला होता. तो डेल्व्हनला पारखायला आला होता, आपल्या संघात घ्यायचं का म्हणून. ओरिनला बघायला कुणी येत नसे. ओरिन सेंटर, त्याचं काम वाकून चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या डेल्व्हनला, द्यायचा आणि मग मार खायचा. चार वर्षं त्याने हेच केलं होतं, त्यातली तीन डेल्व्हनसाठी.

मैदानाच्या कडेला डॉक्टरांनी डेल्व्हनला तपासून परत पाठवलं. पुढची खेळी थांबली तेव्हा ओरिन धावत कोच बर्डेटकडे गेला.

“कोच, डेल्व्हनचं काही खरं नाही. त्याला बाहेर घ्या.”

“डॉक्टरांनी पाहिलं त्याला. वार सांगितला, महिना सांगितला, बोटं मोजली.”

“घोकून ठेवलंय त्याने ते. मी ओळखतो ना त्याला.”

बर्डेटने टोपी काढली, पुन्हा घातली. बावीस वर्षं तो या मैदानाच्या कडेला उभा होता. “चार गुणांनी मागे आहोत, हास. चारच. वर्षभरात इतकं जवळ आलो होतो का कधी?” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “त्याच्या जागी कोण आहे माझ्याकडे? सांग. कोण आहे?”

कुणीच नव्हतं. ओरिन परत गेला.

आणि नवल म्हणजे ते सरकत राहिले. डेल्व्हनचे हात सगळं जाणत होते; डोकं कुठेही असो, चेंडू जायचा तिथे जात होता. चाळीस यार्ड, पंचवीस, नऊ. बाकांवरची माणसं उभी राहिली. चौथ्या, म्हणजे शेवटच्या खेळीला गोलरेषा दोन यार्डांवर होती आणि घड्याळात एकोणीस सेकंद. रेषा ओलांडली की सहा गुण आणि सामना त्यांचा. घड्याळ चालू होतं. ते थांबवायची सवलत त्यांनी केव्हाच वापरून टाकली होती.

पोरं डोकी जुळवून उभी राहिली. डेल्व्हनचे डोळे चमकत होते.

“टायरेलकडे फेकतो. डावीकडे. टायरेल मोकळा सुटेल.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. टायरेल मागच्या वर्षीच कॉलेज सोडून गेला होता.

“डावीकडे. ठीक,” शेवटी कुणीतरी म्हणालं, आणि सगळे जागेवर पळाले.

ओरिन पंचाकडे बघून ओरडला, खेळ थांबवा म्हणून. त्या कल्लोळात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. मग तो वाकला, चेंडूवर पंजा ठेवला आणि पायांमधून मागे पाहिलं. उलटा डेल्व्हन उभा होता, किंचित डुलत. आता चेंडू दिला की समोरचे चौघे थेट त्याच्यावर येणार, आणि त्याला ते दिसणारही नव्हते.

डेल्व्हनने टाळी वाजवली. म्हणजे चेंडू दे.

ओरिन हलला नाही.

पुन्हा टाळी. शेजारचा गडी खेकसून म्हणाला, “हास! अरे दे ना!” पुन्हा टाळी. बाकांवरून आरडाओरडा झाला, त्याचं नाव घेऊन. चौथी टाळी. ओरिनने चेंडू गवतात असा दाबून धरला की नखं पांढरी पडली. घड्याळ संपलं तेव्हा तो तसाच वाकलेला होता.

कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. एकाने त्याचे बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. ओरिनने ते काढले नाहीत. बर्डेट आला, त्याच्यासमोर उकिडवा बसला.

“थंडीने बोटं आखडली, असं सांग त्यांना. मानतील.”

“नाही आखडली, कोच.”

 बर्डेट गुडघ्यावर हात टेकून उठला आणि डेल्व्हनला इस्पितळात न्यायला स्वतःची गाडी काढायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिन तिथे पोचला. दारात डेल्व्हनची आई उभी होती. ओमाहाहून रात्रभर गाडी हाकत आली होती.

“चेंडू धरून बसलेला तो तूच का?”

“हो, मॅम.”

तिने त्याला नखशिखांत पाहिलं आणि दारातून बाजूला झाली.

डेल्व्हन उशीला टेकून बसला होता.

“चालता हो.”

ओरिन उभाच राहिला.

“चारदा टाळी वाजवली मी. चारदा! दोन यार्ड होते, हलकटा. तो माणूस वही मिटून निघून गेला. पुढच्या वर्षी मी कुठे जाऊ? तुझ्या बापाची गुरं राखायला येऊ?”

“आणि त्याच्या आधी?” ओरिनने विचारलं.

“आधी काय?”

“टाळीच्या आधीचं सांग.”

“आधी…” डेल्व्हन थांबला. “चर्चच्या बायकांनी राजम्याची गरम चिली वाढली. दालचिनीचा रोल होता. तू माझा अर्धा खाल्लास.”

“ते जेवण. सामना सुरू व्हायच्या आधीचं. मधला सगळा सामना कुठे गेला?”

डेल्व्हनने तोंड उघडलं. त्याची नजर आईकडे गेली, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हात त्याने उलटे करून पाहिले. आई पलंगाच्या कडेला हळूच टेकली. 

“उभा काय राहिलास,” शेवटी डेल्व्हन म्हणाला. “बस.”